डोळे मिटून वाचलेला तक्ता

“दाब! आणखी जोरात दाब!” भोंगा ओरडला.

“जोरात दाबून काय होणार? रिमोट आहे हा, टूथपेस्ट नाही!” सुतळी वैतागून म्हणाली.

इमारतीचं भलंमोठं लोखंडी फाटक ढिम्म हललं नाही. मागे गाड्यांची रांग लागली होती. कुणी हॉर्न वाजवत होतं, कुणी खिडकीतून डोकं काढून बोलत होतं. “त्या किल्लीवाल्यानं भंगार माल आपल्या गळ्यात मारलाय!” असं एक काका म्हणाले, आणि सुतळीचे कान लाल झाले. कारण तो किल्लीवाला म्हणजे तिचे बाबा.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटंसं दुकान होतं. किल्ल्या, कुलपं आणि आता रिमोटवर चालणारी फाटकं. या इमारतीचं फाटक म्हणजे त्यांनी घेतलेलं पहिलं मोठं काम. बाबांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. आणि आता रोज संध्याकाळी ते अडून बसायचं!

“शनिवारपर्यंत बघणार,” इमारतीचे अध्यक्षकाका बाबांना सगळ्यांसमोर म्हणाले. “नाही सुधारलं, तर फाटक उखडून तुमच्या दुकानासमोर आणून ठेवतो. सगळ्यांना दिसू दे!”

तसं झालं असतं, तर बाबांकडे साधी किल्ली करायलाही कुणी फिरकलं नसतं.

“अगं, मी रोज सकाळी जाऊन तपासतो. लोण्यासारखं सरकतं!” बाबा घरी येऊन म्हणाले. “लोकांना बटण दाबता येत नाही, त्याला मी काय करू?”

“मामा, संध्याकाळी कधी तपासलंत?”

हे विचारलं पाहुणीनं. म्हणजे सुट्टीत राहायला आलेल्या सुतळीच्या आत्तेबहिणीनं. घरातले सगळे तिला लाडानं चिमणी म्हणत. सुतळी मात्र मनातल्या मनात पाहुणीच म्हणे.

बाबांचा घास हातातच राहिला. “संध्याकाळी? संध्याकाळी दुकानात गर्दी असते गं... अरेच्चा! खरंच की, संध्याकाळी तपासलंच नाही! पोरीला डोकं आहे हं!”

सुतळीनं पाण्याचा पेला आदळला. अगदी हेच ती विचारणार होती! उद्या विचारणार होती. आणि बाबांनी तिला कधी ‘डोकं आहे हं’ म्हटलं होतं? ‘डोकं खाऊ नकोस’ मात्र रोज म्हणायचे!

चिमणी आल्यापासून हे असंच चाललं होतं. आई तिची वेणी आधी घालायची. धाकटा पिटुक तिच्या मागे शेपटीसारखा फिरायचा. शेजारचा भोंगा, जो पहिलीपासून सुतळीचा उजवा हात होता, तोसुद्धा आता “चिमणी काय म्हणते?” असं विचारायचा. सुतळीला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखण्याइतका!

त्यातून पाहुणीकडे एक रेडिओ होता. खिशात मावेल एवढा, करड्या रंगाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तो कानाला लावून गल्लीतून फिरायला लागली.

“गाणी ऐकतेयस?” पिटुकनं विचारलं.

“नाही, खरखर ऐकतेय.”

“खरखर? ती कशाला ऐकायची?”

चिमणीनं रेडिओ फाटकाजवळच्या बुटांच्या दुकानापाशी नेला. काचेमागच्या मोठ्या पडद्यावर बूट आपोआप धावत होते. रेडिओतून ‘घुर्रर्र’ असा आवाज आला. ती लांब गेली, आवाज विरला. जवळ आली, पुन्हा घुर्रर्र!

“पडद्याला चित्र पुरवणाऱ्या वायरीतून वीज फार वेगानं थरथरत धावते,” चिमणी म्हणाली. “त्यातली थोडी थरथर बाहेर सांडते. आपल्याला दिसत नाही, पण रेडिओला ऐकू येते. आणि रिमोटसुद्धा फाटकाशी तशाच लहरींनी बोलतो.”

“म्हणजे या गोंगाटात फाटकाला रिमोटचं ऐकूच जात नसेल!” भोंगा ओरडला.

“तू बोलत असलास की मला कुणाचंच ऐकू जात नाही, तसं!” पिटुक म्हणाला.

सगळे खदाखदा हसले. सुतळी सायकलला टेकून लांब उभी होती. हसू तिलाही आलं होतं, पण तिनं ते गिळलं. बाबा तिचे, फाटक तिच्या बाबांचं, आणि शोध लावणार ही पाहुणी? छे! मुळीच नाही!

शनिवार उजाडला. संध्याकाळी चिमणी अंघोळीला गेली, तशी सुतळीनं तिच्या उशीखालचा रेडिओ उचलला आणि धूम ठोकली. फाटकापाशी अध्यक्षकाका आणि बाबा उभेच होते. बाबांचा चेहरा उतरला होता.

“सापडलं! मी शोधलं!” सुतळी धापा टाकत म्हणाली. “त्या बुटांच्या दुकानातला पडदा! हे ऐका!”

तिनं रेडिओ दुकानाच्या काचेला लावला, तसा तो घुरघुरला. बूटवाले काका फणकारत बाहेर आले. बरीच बाचाबाची झाली, पण शेवटी त्यांनी पडदा बंद केला. रेडिओ गप्प! सुतळीची छाती फुगली.

अध्यक्षकाकांनी रिमोट दाबला.

फाटक हललं नाही.

पुन्हा दाबला. काही नाही!

“झालं समाधान?” बूटवाले काका गरजले. “स्वतःचा माल खराब, आणि पोरीला पुढे करून माझ्या दुकानाची बदनामी!”

बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. “चूक झाली. लहान आहे ती.” त्यांनी सुतळीकडे पाहिलंही नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात ओल्या केसांची चिमणी, भोंगा आणि पिटुक धावत आले. आता ही हसणार! सुतळीनं दात आवळून धरले. हसूच दे! म्हणजे निदान हिचा राग करायला कारण तरी मिळेल.

पण चिमणी हसली नाही.

“न विचारता घेतला मी,” सुतळीनं रेडिओ तिच्यापुढे धरला.

“विचारलं असतंस तर दिला असता,” चिमणी म्हणाली. सुतळीला ते आणखीच लागलं. “पडद्यावर संशय घेतलास, ते बरोबर गं. पण थोडंफार तर सगळेच पडदे गुणगुणतात. आपल्याला बोंबलणारा हवाय! फाटकाच्या खांबाजवळ ऐकलंस?”

सुतळीनं तिथे ऐकलंच नव्हतं. पाहुणीच्या आधी पोचायच्या घाईत ती खांबासमोरून पळत गेली होती! आता चिमणीनं रेडिओ खांबाला टेकवला आणि हळूहळू फिरवला. एका बाजूला वळवताच तो असा किंचाळला, की भोंग्यानंसुद्धा कानांवर हात ठेवले.

त्या बाजूला चष्म्याच्या दुकानाची भिंत होती. भिंतीवर उंच नवा पडदा टांगला होता. खांब आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद फट होती, आणि आत मिट्ट काळोख.

“आत बघायला हवं,” चिमणी म्हणाली. तिनं खांदा घालून पाहिला. “मी नाही मावत.”

“मी तर मुळीच नाही!” भोंगा म्हणाला.

सुतळीनं श्वास आत ओढला आणि ती आडवी होऊन सरळ फटीत शिरली. तिला सुतळी काय उगाच म्हणत नव्हते!

“बॅटरी दे!” आतून आवाज आला. पिटुकनं बॅटरी सरकवली. “काळी वायर आहे... भिंतीच्या भोकातून आली आहे. इथे चिकटपट्टीचा हा एवढा गोळा! आणि बाबा, वायरीची जाळी कुणीतरी सोलून टाकलीय! फाटक्या मोज्यासारखी लोंबतेय! बाजूलाच तुमची डबी आहे, रिमोटचं ऐकणारी!”

बाबा ताडकन पुढे आले. फाटकाच्या वायरी जोडताना ते सुतळीला नेहमी सांगत, की ही जाळी म्हणजे वायरीचं कुंपण, ती आतली थरथर बाहेर सांडू देत नाही, सगळं कापलं तरी चालेल, ही कापायची नाही.

चष्मेवाले काका बाहेर आले. “माझा पडदा भिंतीवर, फाटक जमिनीवर! काय संबंध? सकाळी चालतं ना फाटक?”

“सकाळी तुमचा पडदा बंद असतो, काका. संध्याकाळीच लागतो,” सुतळी फटीतून म्हणाली.

“आधी बूटवाले, आता हे,” अध्यक्षकाका कुरकुरले. “पुरावा काय?”

सुतळी बाहेर आली. केसांत कोळिष्टकं, कोपर खरचटलेलं. ती रेडिओला कान लावून ऐकत राहिली. पडद्यावर गॉगल घातलेली बाई आली, की रेडिओ ‘हूंऽऽ’ करायचा. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आला, की ‘खर्रर्र’!

“चिमणे!” तिच्या तोंडून निघून गेलं. “चित्र बदललं की आवाज बदलतो!”

चिमणीचे डोळे लकाकले. “काका, तुम्हीच ऐका! भिंतीकडे तोंड करा. डोळे मिटा. हूं म्हणजे बाई, खर्र म्हणजे तक्ता.”

अध्यक्षकाका नाइलाजानं भिंतीकडे वळले. चष्मेवाले काका आत जाऊन मनाला येईल ते चित्र लावू लागले.

“हूं... बाई,” अध्यक्षकाका पुटपुटले. “हूं... अजून बाईच. खर्र! तक्ता!”

“बरोबर!” पोरं ओरडली.

“तक्ता! तक्ता! बाई!” अध्यक्षकाकांना आता भलताच चेव आला होता. “मी सांगतो, तक्ता! अरे, लाव पुढचं!”

“डोळे मिटून तक्ता वाचणारं हे पहिलंच गिऱ्हाईक!” बूटवाले काका म्हणाले, आणि सगळी गल्ली हसली.

चष्मेवाले काका खाली मान घालून बाहेर आले. “भोकातून वायर जाईना, म्हणून वरची जाळी सोलली. चित्र तर झकास येत होतं! मला काय ठाऊक?”

“पण दुकानात एक पडदा असताना हा बाहेर दुसरा कशाला?” बाबांनी विचारलं.

चष्मेवाले काका बूटवाल्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “यांचा माझ्यापेक्षा मोठा होता ना! रोज बघून जीव जळायचा.”

सगळे पुन्हा हसले. सुतळीला मात्र हसू आलं नाही. तिनं हळूच चिमणीकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

चष्मेवाल्या काकांनी पडद्याचा प्लग ओढला. रेडिओ गप्प झाला. अध्यक्षकाकांनी रिमोट दाबला, आणि फाटक लोण्यासारखं सरकलं! भोंग्याची आरोळी पार गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

“किल्लीवाले, माफ करा,” अध्यक्षकाकांनी बाबांचा हात हातात घेतला. “फाटक चोख आहे. उगाच बोललो. आणि पोरं तुमची हिऱ्यासारखी आहेत!”

“नवी वायर मी स्वतः घालून देतो. जाळीसकट!” बाबा म्हणाले. “पण खरी हुशारी आमच्या चिमणीची.”

पुन्हा तेच! सुतळीच्या पोटात दुखलं.

“नाही मामा,” चिमणी म्हणाली. “फटीत सुतळी शिरली. जाळी तिनं ओळखली. आवाज बदलतो हेही तिलाच कळलं. मला इतके दिवस नुसती खरखर ऐकू येत होती.”

बाबांनी सुतळीच्या केसांतलं कोळिष्टक काढलं. “डोकं आहे हं,” ते म्हणाले. “धूळही तितकीच आहे.”

घरी जाताना दोघी मागे रेंगाळल्या.

“मला तुझा हेवा वाटायचा,” सुतळी एकदम म्हणाली. “अजूनही वाटतो. थोडा.”

“मलाही तुझा वाटतो,” चिमणी म्हणाली. “या गल्लीत पाऊल टाकलं, की दहा जण तुला हाक मारतात. आमच्या घरी आईबाबा कामावर गेले, की सुट्टीभर मी आणि हा रेडिओ. म्हणून तर खरखरसुद्धा ऐकत बसते.”

सुतळीनं कोपरावरची धूळ झटकली. पुढे भोंगा आणि पिटुक कधीचे थांबले होते.

“अगं ए सुतळी! येतेस का नाही?” भोंगा ओरडला.

“मला एकटीला काय बोलावतोस?” सुतळी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली. “तिलाही नीट हाक मार! आपली चिमणी आहे ती!”