रिकाम्या हॉलची शांतता

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

ऊन होतं, रस्त्यावर रहदारी होती आणि ज्याच्यासोबत हे घडलं तो माणूस पूर्ण शुद्धीत होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर तुम्ही तेच विचारणार.

तो माझा सख्खा मावसभाऊ. थापा मारणाऱ्यातला नाही. उलट लहानपणी आम्ही मारलेल्या थापा हाच घरी जाऊन फोडायचा आणि आमचा मार चुकू द्यायचा नाही. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तुमचं तुम्ही बघा.

घरात त्याला सगळे कानसेन म्हणतात. गळा अगदी फाटका, पण कान असे की शेजारच्या घरात फोन थरथरला तर हा आपल्या घरात मान वर करतो. त्या कानांवरच त्याचं पोट चालतं. एका गायिकेच्या दौऱ्यावर तो साउंड सांभाळतो. त्या गायिकेला सगळा ताफा नुसतं 'बाई' म्हणतो.

बाईंच्या पायाला भिंगरी. साठी जवळ आली तरी आज या गावात, उद्या त्या गावात. बसमध्ये झोपायचं, बसमध्येच रियाज करायचा, आणि घरी गेलं की दोन दिवसांत कंटाळायचं. पण त्यांचा खरा जीव परदेशातल्या चाहत्यांवर. तिथली माणसं बाईंच्या पेजवर लिहायची, "बाई, तुमचं गाणं ऐकून घरची आठवण येते." बाई प्रत्येकाला आवाजी मेसेज पाठवायच्या. एकेकाला नावानं हाक मारून.

"लांबच्या माणसाला फुलं पाठवून काय करू? कोमेजतील," त्या म्हणायच्या. "हाक पाठवते."

असा एक मेसेज माझ्याही फोनमध्ये आहे, कारण मीही त्या लांबच्यांपैकीच. त्याचं शेवटी सांगतो.

आता कानसेनच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तुम्हाआम्हाला कळत नाही, त्याला कळते. स्वयंपाकघराची वेगळी, जिन्याची वेगळी, हॉलची वेगळी. रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातून खोकला कापला की तिथे भोक पडतं. ते भोक शांततेनंच बुजवावं लागतं. म्हणून हा प्रत्येक हॉलमध्ये माइक चालू करून थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवतो. ताफ्यात त्याला 'शांतता घेणं' म्हणतात. "कानसेन शांतता घेतोय" असं कुणी म्हटलं की तबलजीसुद्धा हात वर धरून पुतळा होतो.

त्या दुपारी मात्र ताफा जेवायला गेला होता.

नाट्यगृह जुनं होतं. खुर्च्या माणूस उठल्यावर आपोआप वर मिटणाऱ्या. खाली सगळ्या मिटलेल्या. बाल्कनीतल्याही सगळ्या मिटलेल्या.

एक सोडून...

शेवटच्या रांगेतली एक बैठक खाली होती. कुणी बसलेलं असावं तशी.

"वर कोण आहे हो?" त्यानं वॉचमनला विचारलं.

"कोणी नाही साहेब. जिन्याला कुलूप आहे."

"मग ती खुर्ची?"

"ती तशीच असते. आम्ही मिटून येतो, ती परत खाली. स्प्रिंग गेली म्हणतात." एवढं बोलून वॉचमन बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. आत यायला त्याला आवडत नसावं.

कानसेननं माइक चालू केला. डोळे मिटून उभा राहिला.

इतकी स्वच्छ शांतता त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती. पंख्याची घरघर नाही, लाकडाची कुरकुर नाही, बाहेरचा एक हॉर्न नाही. त्याला इतका आनंद झाला की बाई येईपर्यंत तो ती घेतच राहिला. मग माइक बंद करून वर पाहिलं.

ती खुर्चीही मिटलेली होती.

ज्याला शेजारचा फोन ऐकू येतो, त्याला खुर्ची मिटल्याचा आवाज आला नव्हता. त्याला क्षणभर नवल वाटलं. मग लोक आले, तारा पसरल्या, आणि तो विसरून गेला.

कार्यक्रम झाल्यावर सामान चढवताना वॉचमननं विचारलं, "वरची खुर्ची तुम्ही मिटली का?"

"नाही बुवा."

"बरं झालं," तो म्हणाला. आणि बस दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभा राहिला. हात केला नाही, हलला नाही.

त्यानंतर कानसेननं तीच शांतता सगळीकडे वापरायला सुरुवात केली. बाई मेसेज बोलायच्या बसमध्ये, विंगेत, कुठेही. मागे इंजिन, भांडणं, शिंका. तो ते सगळं कापायचा आणि खाली त्या हॉलची शांतता अंथरायचा. बाई निवांत खोलीत बसून बोलताहेत असं वाटायचं. शांतता ऐकत कोण बसतं? कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची सपाट रेघ बघायची आणि जोडायची. म्हणजे एवढ्या कानांचा हा माणूस, पण ती त्यानं पुन्हा एकदाही ऐकली नाही.

पहिला मेसेज गेला त्याच्याच धाकट्या बहिणीला. घरात तिला चिमणी म्हणतात. तीही परदेशात, नुकतंच बाळ झालेलं, मदतीला कुणी नाही, नवरा पाळीवर. बाईंनी बाळासाठी अंगाई गाऊन दिली. अंगाई संपल्यावर दुसरं काही वाजून बाळ दचकू नये, म्हणून कानसेननं पुढे त्या हॉलची लांबलचक शांतता जोडली.

प्रेमानंच जोडली. त्याला हेच आज सगळ्यात जास्त खातं.

मग उत्तरं येऊ लागली. बसमध्ये तो ती बाईंना वाचून दाखवायचा.

एका टॅक्सीवाल्यानं लिहिलं, "बाई, फार बरं वाटलं. शेवटी खुर्चीतून कोण उठलं हो?"

बाई हसल्या. "बसमध्ये कसली खुर्ची?"

मग एका नर्सनं लिहिलं, "ड्युटीवरून आले की लावते. मागे कुणीतरी जिना उतरतं ते ऐकून वाटतं, आपल्या घरात माणसं आहेत."

या वेळी बाई हसल्या नाहीत.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थाचं आलं. बायको गेल्यापासून एकटे राहणारे. "रोज दोनदा ऐकतो. आताशा कुणी अगदी शेजारी येऊन श्वास घेतंय असं वाटतं. एकटेपणा पुष्कळ कमी झाला."

कानसेननं ते पुन्हा एकदा वाचलं.

पुढच्या गावी, दुपारी, मेकअपच्या खोलीत त्यानं दार लावलं. हेडफोन चढवला. ती शांतता लावली.

काही नाही.

परत लावली...

खटक्.

लांबून. उंचावरून. मिटणारी खुर्ची.

पडद्यावरची रेघ सपाटच होती. त्यानं पुन्हा लावली. खुर्ची वाजली. आणि मग... एक पाऊल. लाकडी पायरीवर. थांबून दुसरं.

पुन्हा लावली. खुर्चीचा आवाज नव्हताच. ते खुर्चीपासून पुढे आलं होतं. पावलं आता जिन्यावर नव्हती, सपाट जमिनीवर होती.

त्यानं हेडफोन भिरकावून दिला.

दर वेळी ऐकलं की ते थोडं जवळ येत होतं. टॅक्सीवाल्यानं एक-दोनदा ऐकलं असेल. नर्सनं रोज एकदा. म्हाताऱ्यानं रोज दोनदा.

आणि चिमणी?

बाळ झोपवायला दिवसातून किती वेळा लावत असेल? संपली की परत. संपली की परत.

त्याची पाचावर धारण बसली. त्यानं लगेच तिला फोन लावला. चिमणीकडे तेव्हा संध्याकाळ होती.

"दादा, हळू बोल. आत्ताच झोपलंय."

"चिमणे... ती अंगाई अजून लावतेस?"

"म्हणजे काय! त्याशिवाय डोळाच लागत नाही त्याचा. बाईंना सांग, माझं निम्मं बाळंतपण त्यांनीच काढलं."

"गाणं संपल्यावर काही ऐकू येतं का गं?"

"अय्या, तुला कसं कळलं? आधी यायचं की. खुर्चीसारखं काहीतरी. मग पावलं. मला वाटलं, गाऊन झाल्यावर बाई उठून चालल्या. मग तर श्वास यायचा, अगदी कानाशी. म्हटलं आमचा दादा एवढा साउंडवाला, आणि माइक बंद करायला विसरला!"

"मग?"

"मग काही नाही. बरेच दिवस झाले, आता काहीच येत नाही. एकदम स्वच्छ झालाय मेसेज."

कानसेन भिंतीला टेकला.

जे त्या मेसेजमधून चालत येत होतं, ते आता मेसेजमध्ये नव्हतं.

"चिमणे, जरा बोलू नकोस."

"का रे?"

"ऐक ना. जरा गप्प राहा."

ती गप्प राहिली. आणि माझ्या भावानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. डोळे मिटले आणि फोनवरून तिच्या घराची शांतता घेतली.

तिचं घर त्याला ऐकून पाठ होतं. खडखडणारा म्हातारा फ्रीज. हीटरच्या पाइपमधली टपटप. खालच्या रस्त्यावरच्या गाड्या. बाळ होण्याआधी आठवड्यातून तीनदा फोन व्हायचा आणि हा दरवेळी चिडवायचा, "तुझा फ्रीज माझ्यापेक्षा जास्त बोलतो."

आता फ्रीज नव्हता. पाइप नव्हता. रस्ता नव्हता.

उंच छत होतं. कापडी खुर्च्यांच्या रांगा होत्या. आपल्या आईच्या चपलांचा आवाज माणूस ओळखतो, तशी त्यानं ती शांतता ओळखली. ती चिमणीच्या घराची नव्हतीच.

ती त्या हॉलची होती.

"चिमणे," तो म्हणाला, "बाळाला उचल आणि बाहेर जा."

"वेडा आहेस का? आत्ता कुठे झोपलंय..."

"उचल म्हणतो ना! काही घेऊ नकोस. आधी बाहेर पड!"

जन्मात तो तिच्यावर ओरडला नव्हता. म्हणूनच बहुतेक तिनं ऐकलं. फोनमध्ये तिची पावलं आली. छोट्याशा खोलीतली, पण घुमत होती, लाकडी रंगमंचावरून कुणी चालावं तशी. बाळ कुरकुरलं. कडी उघडली.

आणि एकदम जग परत आलं. लिफ्टची घरघर, कुणाचा तरी टीव्ही, शेजारणीचं हसणं. कानसेनचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात... उघड्या दारातून, आत लांबून...

खटक्.

"दादा," चिमणी कुजबुजली, "आत्ता काय वाजलं? आमच्याकडे तसली खुर्ची नाहीये."

ती त्या घरात परत गेली नाही. सामान नवऱ्याच्या मित्रांनी काढलं. नव्या घरात सगळं ठीक आहे म्हणते. फक्त बाळ अजून नीट झोपत नाही. गोष्टी सांगा, थोपटा, ते आपलं मान वळवून दाराकडे बघत राहतं. आता कोणी तिथे आलं असेल म्हणून बघतं, की येत नाही म्हणून, ते तिला कळत नाही.

कानसेननं बाईंना सगळं सांगितलं. त्याला वाटलं, हसतील.

"रिकामा हॉल कधी रिकामा नसतो रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी दुपारच्या तालमीलाही केस नीट करून उभी राहते. कुणीतरी बसून ऐकत होतं बिचारं. तू न विचारता त्याला दौऱ्यावर घेऊन आलास."

त्यानं आपल्याकडचं सगळं पुसून टाकलं. चाहत्यांना लिहिलं, मेसेजमध्ये दोष आहे, कृपया काढून टाका. टॅक्सीवाल्यानं काढला. नर्सनं काढला. म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं, "काळजी नसावी. आताशा लावायची गरजच पडत नाही. आम्ही दोघं मजेत आहोत."

आम्ही दोघं.

आता माझं. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला बाईंनी पाठवलेला मेसेज माझ्या फोनमध्ये आहे, आणि त्याच्याखालीही तीच शांतता आहे. मी तो मिरवत मिरवत ऑफिसात सगळ्यांना ऐकवला, बायकोला ऐकवला, गाडी चालवताना ऐकला. कितीदा, देव जाणे. खुर्ची वाजल्याचं मला आठवत नाही. पण माझे कान कानसेनचे नाहीत.

भाऊ रोज विचारतो, "पुसलास का?"

नाही पुसला. कारण ते अजून त्या मेसेजमध्ये असेल तर पुसून सुटेन. पण बाहेर आलं असेल तर पुसून काय उपयोग? ते आत आहे की नाही, हे कळायला एकच उपाय आहे. मेसेज लावून बघायचा.

आणि लावला की ते अजून थोडं जवळ येणार.

हे मी भर दुपारी लिहितोय. बायको बाहेर गेलीय. खाली रस्त्यावर काम चालू आहे, सकाळपासून ड्रिलनं डोकं उठवलं होतं.

मघापासून ते ड्रिल ऐकू येत नाहीये.