डावीकडची खुर्ची

पहाटे प्रार्थना केल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही. कित्येक वर्षांचा नेम आहे. त्याच तोंडाने खोटं बोलवत नाही, म्हणून जे घडलं ते आणि तेवढंच सांगते. विश्वास ठेवायचा की नाही, तुमच्या मनावर.

रात्र नव्हती. भर दिवस होता.

युद्धाचं दुसरं वर्ष. मी शिलाईच्या कारखान्यात होते. सैनिकांचे शर्ट शिवायचो. विमानांच्या भीतीने खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवल्या होत्या, त्यामुळे आत दिवसासुद्धा दिवे लागायचे.

मी खांदे जोडायची. जोडलेला शर्ट डावीकडे सरकवायचा. डावीकडची बाई कॉलर लावायची, तिच्या पलीकडची बाह्या. मान मात्र वळवायची नाही. तिथला पहिला धडाच तो. मान वळली की टाका वाकडा गेलाच म्हणून समजा.

डावीकडच्या बाईला सगळ्या कॉलरवाली म्हणायच्या. ती मला म्हणायची संतीणबाई.

"संतीणबाई, माझ्यासाठीही थोडं मागा हो. तुमच्या देवाकडे माझी काही ओळख नाही."

मी हसायची. माझी तिथे तेवढीच एक मैत्रीण.

तिच्या लोकांची भाषा सीमेपलीकडची. एवढाच तिचा गुन्हा. आधी कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं. मग धान्य महागलं, मजुरी कमी झाली, घराघरातून कुणी ना कुणी लढाईवर गेलं... आणि सगळ्यांना एकदम आठवलं. ती पाणी प्यायली की नळ धुतला जाऊ लागला. मग कुणीतरी पिल्लू सोडलं, की ती मुद्दाम कच्चा टाका घालते.

मुकादमबाईने सगळ्यांसमोर तिच्या कॉलरी ओढून पाहिल्या. एकही टाका उसवला नाही.

तरी त्याच दुपारी तिला घरी जायला सांगितलं. मुकादमबाई वाईट नव्हती. माझे हात बांधलेले आहेत, म्हणाली.

कॉलरवालीने कोट चढवला. माझ्या कानाशी वाकली.

"माझी जागा धरून ठेवा."

फाटकाबाहेर माणसं जमली होती. पुढचं मला ऐकू आलं नाही. मशीनं चालू होती.

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. खांदे जोडले. शर्ट डावीकडे सरकवला... हाताची सवय. मग दुसरा. मग तिसरा. किती सरकवले कुणास ठाऊक, मग लक्षात आलं.

तिकडे कुणीच नाही.

शर्ट खाली पडायला हवे होते. पडल्याचं जाणवलं नाही.

सुट्टीची घंटा झाली. मशीनं थांबली. बाह्या लावणारी आळोखेपिळोखे देत म्हणाली, "नवी बाई कुठून आणली गं? हात बरा आहे हिचा."

मी तेव्हा मान वळवली.

खुर्ची रिकामी होती...

बाह्या लावणारीपुढे शर्टांचा ढीग होता. प्रत्येकाला कॉलर लावलेली. कॉलरवाली कात्री वापरायची नाही, दोरा दातांनी तोडायची. मी एक शर्ट उचलला. दोऱ्याचं टोक बोटांत धरलं.

ओलं होतं.

मुकादमबाईने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, माल वेळेवर जातोय ना, मग चर्चा नको. आणि खरंच कुणी केली नाही. तिच्यामागून नळ धुणाऱ्या बायांनी तिची एकही कॉलर परत केली नाही.

फक्त सुट्टीत माझ्याजवळ कुणी बसेनासं झालं. मी भिंतीकडे तोंड करून डबा खायची. एकटी.

मला तिची भीती नव्हती, शप्पथ. भीती वेगळीच होती. ती इथे येतेय, म्हणजे ती जिवंत नाही. तेवढं मला नको होतं. ती कुठेतरी असावी, कुणाशी तरी भांडत असावी, एवढंच मागायची मी.

एक दिवस मी ठरवलं. काम पुढे गेलं नाही तर ती येणार नाही. शर्ट जोडला आणि मांडीवर घट्ट धरून बसले. लांबून मुकादमबाई ओरडली. मी सोडला नाही.

मग कापड हललं...

अगदी हळू. झोपलेल्या लेकराच्या मुठीतून पदर सोडवावा तसं.

पुन्हा एकदा.

मी मान वळवली नाही. मूठ उघडली.

युद्ध संपलं. कारखाना बंद पडला. त्यानंतर एका संध्याकाळी तिचा नवरा माझ्या खोलीवर आला. त्यांच्यातल्या पुरुषांना आधीच छावणीत ठेवलं होतं, तिथून सुटून आला होता. उभ्याउभ्याच म्हणाला, त्या दुपारी ती घरी पोचलीच नाही असं शेजारी सांगतात.

"त्यानंतर ती कामावर आली होती का, ताई?"

"आली होती," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"शेवटपर्यंत."

तो मटकन खाली बसला. रडला, हसला. म्हणजे त्या दुपारी तिला काही झालं नाही, म्हणाला. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने डोळे पुसले आणि लहान मुलासारखं विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायची?"

"काही नाही. ती बोलत नव्हती."

"एवढे दिवस? एक शब्दही नाही?"

"नाही."

तो हसलाच. "अहो, ती झोपेतसुद्धा बडबडायची. शेजारचे भिंत ठोकायचे."

मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं... डोळे तेवढे बदलले.

तो उठला. दारापर्यंत गेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण आली होती ना? नक्की?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग मी शोधतो," तो म्हणाला.

अजून शोधतोय. परवाच बाजारात दिसला. प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत चालला होता. मला पाहिलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.