चिकटपट्टीची जोडीदारीण

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या बहिणीच्या मुलीच्या बाबतीत घडलंय. सुरुवातीचं मी तिच्या तोंडून ऐकलं. शेवटचं माझ्यासमोरच झालं.

तेव्हा ती आठवीत होती. वाचनालयामागच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी मुलींचे खेळ चालत. एक हौशी ताई येऊन ते घ्यायची. रिले, नकला, भेंड्या... पोरींचा नुसता कल्ला.

भाची तिथे जायची ती शिंप्याच्या मुलीसाठी. दोघी अगदी जिवाभावाच्या. इतक्या, की पोरींनी भाचीचं नावच पाडलं होतं. चिकटपट्टी.

मग एक नवी मुलगी आली. उंच, हसरी, चेंडू झेलण्यात पटाईत.

"जोड्या करा गं!" असं ताईने म्हटलं, की शिंप्याची मुलगी आता धावत नवीकडे जायची. एक मुलगी नेहमी उरायची.

ती भाची असायची.

"चिकटपट्टीचा डिंक वाळला गं!" पोरी खिदळायच्या.

ताई म्हणायची, "ये बाळ, तू माझ्याबरोबर ये."

ताईबरोबर जोडी! त्या वयात त्याहून मोठी नाचक्की नाही. नवीचं हसू नुसतं कानावर पडलं, तरी भाचीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या शनिवारी ताईने लाल लोकरीचा गुंडा आणला. खेळ सोपा होता. सगळ्यांनी गोल उभं राहायचं. जी आवडते तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट बोलायची. धागा आपल्या हातात धरून ठेवायचा आणि गुंडा तिच्याकडे फेकायचा.

गुंडा फिरत फिरत शिंप्याच्या मुलीकडे आला. भाचीने दोन्ही हात पुढे केले.

"जिच्यामुळे मी शनिवारची वाट बघते, तिला..." शिंप्याची मुलगी म्हणाली.

गुंडा नवीकडे गेला.

भाचीचे हात तसेच हवेत राहिले. कुणीतरी खुदकन हसलं.

नवीने तो गुंडा भाचीकडेच फेकला. "ही बोलत नाही फारसं, पण मनाने चांगली असेल."

कीव! तीही हिच्याकडून!

भाचीच्या डोक्यात तिडीक गेली. गोलात खिडकीपाशी थोडी जागा रिकामी होती. तिथे कोणीच नव्हतं. तिने गुंडा मुद्दाम तिकडे भिरकावला.

"जी फक्त माझी असेल, तिला!"

गुंडा खाली पडल्याचा आवाज...

आलाच नाही.

धागा ताणलेला होता. तिच्या बोटांपासून थेट खिडकीपर्यंत. आणि त्याच्या टोकाला... लाल गुंडा हवेत थांबला होता.

भाचीने घाबरून बाकीच्यांकडे पाहिलं. कोणीही दचकलं नव्हतं. सगळ्या जणी खिडकीकडे बघत होत्या. एखादी बोलत असली की तिच्याकडे बघतात ना, तशा.

मग सगळ्या एकदम हसल्या. छान विनोद ऐकल्यासारख्या.

भाचीला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं...

गुंडा परत आला. अलगद तिच्याच हातात. बर्फासारखा गार.

"चला, आता जोड्या करा गं!" ताई म्हणाली.

शिंप्याची मुलगी आणि नवी एकमेकींना बिलगल्या. भाची ताईकडे गेली.

"अगं, माझ्याकडे काय येतेस? तुझी जोडीदारीण तिकडे ताटकळलीय ना!"

खिडकीपाशी कोणीच नव्हतं.

सुटल्यावर भाचीने शिंप्याच्या मुलीची बाही धरली. "खरं सांग, तिथे कोण होतं?"

"मलाच विचार आता!" तिने हात झटकला. "सगळ्या खेळभर तुझ्यावरून नजर काढली नाही तिने. मी तुझ्याशी बोलायला आले, तर कसलं बघितलं माझ्याकडे! तुला हवी होती ना अशी मैत्रीण? मग मिरव!"

तिचा आवाज जळत होता. महिनाभर जे भाचीच्या पोटात खदखदत होतं, ते आता तिच्या चेहऱ्यावर होतं.

भाचीला क्षणभर बरं वाटलं. तेवढंच.

दोन दिवसांनी शिंप्याची मुलगी आपण होऊन घरी आली. भाची पलंगावर एकटी बसली होती. तिला बघून भाचीला रडूच फुटलं. "ये ना गं, बस ना इथे."

ती उंबऱ्याच्या आत आली. भाचीच्या शेजारी बघितलं.

आणि जागच्या जागी थांबली...

"ही आहे होय इथे? मग... मी नंतर येते."

ती पुन्हा कधीच आली नाही.

आज भाची दवाखान्यात नोकरी करते. खच्चून भरलेल्या बसमध्येही तिच्या शेजारची सीट रिकामी राहते. लोक येतात, "कोणी बसलंय वाटतं" असं पुटपुटतात आणि पुढे सरकतात. दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं होतं. दोन्ही मुलांनी एकेकदाच भेट घेतली. नकार का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

परवा ती माझ्याकडे आली. हे सगळं तेव्हाच तिने सांगितलं. सांगता सांगता हुंदके देऊन रडायला लागली.

"मावशी, जरा जवळ बस ना माझ्या."

तिच्या शेजारी ऐसपैस जागा होती. मी उठले. तिथवर गेले...

आणि परत येऊन माझ्या खुर्चीत बसले.

मला काही दिसलं नाही. शपथेवर सांगते, काहीसुद्धा दिसलं नाही. पण मी तिथे बसलेलं कुणाला तरी खपणार नाही, एवढं मला स्पष्ट कळलं.

पोर रडत राहिली. मी लांबूनच बघत राहिले.