दहा तारखेची नळी

"बाळ माझ्यामुळे गेलं, असं सगळे म्हणतात," नर्स जास्मिन म्हणाली. "उद्या अकरा वाजता चौकशी समिती तेच कागदावर लिहील. मग मला कुठलं रुग्णालय उभं करणार?"

विजयमाला गाडेकरने तिला आधी पाणी दिलं. खासगी तपासाचं काम धरण्यापूर्वी विजयमालाने बारा वर्षं प्रयोगशाळेत जंतू तपासले होते. तिचा साथीदार अजिनाथ निवृत्त हवालदार. माणसं त्याला कळत, जंतूंच्या नावाने आनंद होता.

तासाभरात तिघं भिंगारच्या त्या खासगी रुग्णालयात पोचली. काचेच्या पेट्यांत आठ बाळं होती, आता सात उरली होती. तळहाताएवढे जीव.

"सातव्या महिन्यातच जन्मलेली बाळं ही," डॉक्टर म्हणाले. "चोखता येत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी घालून आईचं दूध देतो. नळीत आतून बुळबुळीत थर धरतो, त्यात जंतू वाढतात. म्हणून दर तीन दिवसांनी ती बदलतो. बारा तारखेला दोन बाळांची पोटं फुगली. एकाचं आतडं सडलं, ते गेलं. दुसरं झुंजतंय. जे जंतू नळीत, तेच त्यांच्या रक्तात."

त्यांनी मोहोरबंद पिशव्या दाखवल्या. दोन्ही नळ्यांना निळं टोपण होतं आणि चिकटपट्टीवर जास्मिनच्या अक्षरात 'दहा तारीख'.

"दोन दिवसांत एवढा थर?" विजयमालाने विचारलं.

"म्हणून तर समिती म्हणते, हिने हात न धुता नळी घातली. नोंदवहीत सही हिचीच आहे."

"घातली मी नाही," जास्मिन खाली बघत म्हणाली. "पट्ट्या मी सकाळीच लिहून ट्रेच्या कडेला लावते. तारीख लिहील त्याने सही करायची, अशी आमची पद्धत. सात आणि दहा तारखेला, दोन्ही वेळा सहा बाळांच्या नळ्या बदलून झाल्यावर मोठ्या सिस्टरांनी मला प्रसूतीकडे पाठवलं. उरलेल्या त्या दोन बाळांच्या नळ्या त्यांनीच बदलल्या."

"हे समितीला का नाही सांगितलंस?"

"त्यांचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांचं नाव कशाला गोवू?"

बाहेर बाकावर मुक्ताबाईची सासू रंगुबाई बसली होती. गेलेलं बाळ मुक्ताबाईचं. ऊसतोडीवर कळा सुरू झाल्या म्हणून खर्ड्याच्या या सासूसुनांना इथं आणलं होतं. अजिनाथने हळूच विचारलं, "आजी, बाळाला मध-बिध चाटवला होता का?"

"न्हाई वो. काचंत हात तरी कुटं जातोय? म्या नातवाला बोटसुदिक लावलं न्हाई."

आया बनुबाई तर विचारायच्या आधीच तडकली. "दूध म्या आनते, व्हय! पन आठी बाळांचं एकाच ट्रेत आनते. बाकीची सहा कशी धड हायेत मंग?"

"नळ्यांचे खोकेही तुम्हीच आणता?"

"मीच. आता हिरव्या टोपनाच्या आल्यात. निळ्या चार तारखेलाच सरल्या. रिकामा खोका म्या नातीच्या वह्यांना नेला, त्या दिशी तिचा वाढदिवस हुता."

मोठ्या सिस्टर म्हणजे दयाबाई. तीस वर्षांची नोकरी. हात धुतल्याशिवाय डॉक्टरांनाही आत सोडत नसत. चहा आला. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. कपाटाची किल्ली कुलपाला लागेना, ती बनुबाईने लावली.

"जास्मिन निष्काळजी आहे का?" विजयमालाने विचारलं.

"नाही," दयाबाई म्हणाल्या.

अजिनाथ बाहेर येताच पुटपुटला, "बनुबाईच लपवतेय काहीतरी."

"तिने तर सगळं सांगून टाकलंय, अजिनाथराव. डॉक्टरांना बोलवा."

दयाबाईंच्या खोलीतच सगळे जमले. विजयमालाने पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"सगळे पट्टी वाचत राहिले, नळी कोणी बघितलीच नाही. निळ्या नळ्या चार तारखेला संपल्या. मग दहा तारखेला निळी नळी आली कुठून? ती दहाची नाहीच. चारला घातलेली, बाराला काढलेली. आठ दिवस एकच नळी. सातला आणि दहाला फक्त पट्टी बदलली."

डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली. नव्या पट्टीच्या कडेने जुन्या डिंकाचा काळपट पट्टा दिसत होता.

"पट्ट्या लिहिल्या जास्मिनने, लावल्या दुसऱ्याच कोणी. तीस वर्षं ज्या माणसाने नळ्या बदलल्या, तो हे आळसाने करणार नाही. आणि ज्याला कप एका हाताने धरवत नाही, किल्ली लावता येत नाही, त्याने करंगळीएवढ्या नाकात नळी कशी घालावी?"

अजिनाथला आता कुठे उमगलं. चोर सोडून संन्याशाला फाशी निघाली होती, आणि इथे चोर म्हणावं असंही कोणी नव्हतं.

दयाबाईंनी हात पदराखाली घेतले. "वर्ष झालं, कापतात. सातला दोनदा प्रयत्न केला. बाळ निळं पडलं, मग दोघांच्याही जुन्याच नळ्या राहू दिल्या आणि पट्ट्या बदलल्या. म्हटलं, उद्या जास्मिनकडून बदलून घेऊ. पण मग कारण सांगावं लागलं असतं. दहाला तेच झालं."

"आणि माझं नाव आल्यावर?" जास्मिनने विचारलं.

जास्मिन रडली नाही. दुसऱ्या बाळाच्या पेटीशी ड्यूटी द्या, एवढंच तिने डॉक्टरांना सांगितलं.

"समितीला मी लिहून देते," दयाबाई उठल्या. "पण आधी तिथे जाते."

त्या बाकाजवळ गेल्या आणि रंगुबाईसमोर फरशीवरच बसल्या. नळी बदलायची होती, माझ्याने झाली नाही, मी लपवलं, असं त्यांनी एका दमात सांगितलं. म्हातारीची नजर त्यांच्या कापणाऱ्या हातांवर गेली. आता ही अंगावर धावणार, असं वाटून अजिनाथ पुढे सरकला.

"हात कापतोय, एवढंच सांगायचं हुतं की, बाई," रंगुबाई म्हणाली. "नळी घालाया दुसरी पोर हुतीच की शेजारी."