अण्णांचं लॉगिन

दार ओढून घ्या, वारं येतंय. ही गोष्ट माझ्या मेहुण्याच्या लेकीची, शिवप्रियाची. तिच्याच तोंडून ऐकलीय.

लोहाऱ्यात एका बियाणं कंपनीचं ऑफिस होतं. गावोगावची माणसं घरनंच ऑफिसच्या सर्व्हरला जोडून काम करायची. त्यांची लॉगिनं शिवप्रिया सांभाळायची. तिला काम शिकवलं माकणीच्या महांतेशअण्णांनी. दोन वर्षांमागं बियाणं न उगवल्याचे अहवाल कुणीतरी पुसले, तेही शिवप्रियाच्या लॉगिनमधून. तिला सहा महिने घरी बसवलं. लोक बोलायचे बंद झाले. एकटे अण्णा म्हणाले, "पोरी, मला ठाऊक हाय, हे तू केलं न्हाईस."

गेल्या दिवाळीत अण्णा वारले. बाप गेल्यासारखी रडली ती. त्यांचं लॉगिन तिनंच बंद केलं.

जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा. सर्व्हरची दुरुस्ती दिवसा करता येत न्हाय, म्हणून ती एकटी बसलेली. आधी तिनं नव्या लोकांना आत यायची वाट बंद केली. आत होते त्यांना निरोप धाडला, काम सेव्ह करा आन् बाहेर पडा. यादीतनं एकेक नाव गेलं.

एक राहिलं.

महांतेश.

तिनं लिहिलं, "कोण आहे?"



आत असलेल्याचा स्क्रीन तिला तिथनं बघता यायचा. तिनं उघडला. कोरं पान. त्यावर अक्षरं उमटत होती. हळू...

"पोरी, ते अहवाल म्या पुसले. तुझा पासवर्ड मलाच ठाऊक होता."

भीती नंतर आली. आधी आठवले ते सहा महिने. आन् त्यांचं ते बोलणं, मला ठाऊक हाय. ठाऊक होतंच की.

तिनं विचारलं, "तवा का न्हाई सांगितलं, अण्णा?"



मग, "मला बाहेर काढू नको. बाहेर अंधार हाय."

तिचं बोट बटणावर होतं.

तिनं त्यांना बाहेर काढलं.

उजाडताच ती माकणीला गेली. अण्णांच्या बायकोनं, उमादेवीनं, दार उघडलं. म्हणाली, "कॉम्प्युटर कंपनीनं कवाच नेला. तवापासनं ते कामाला बसायचे त्या खोलीला कुलूप हाय."

कुलूप काढलं. रिकामं टेबल. वर धुळीचा थर.

धुळीत दहा बोटांचे ठसे... ताजे.

आन् तिथनं टेबलाच्या काठापर्यंत दहा ओरखडे. धरून बसलेल्याला कुणी मागनं ओढून न्यावं, तसे.