पीठ लावलेली गांधीलमाशी

"हलू नकोस," वैष्णवी कुजबुजली आणि तिने चहाच्या गाळणीवर हलकीच टिचकी मारली.

गाळणीतलं तांदळाचं पीठ भुरभुरत खाली आलं. स्विमिंग पूलच्या काठावर एक गांधीलमाशी पाणी पीत बसली होती, तिची पाठ पांढरीफटक झाली. तिने पंख झटकले, आणखी थोडं पाणी प्यायली आणि भुर्रकन उडाली.

"घड्याळ लाव."

"लावलं," राखी म्हणाली. राखी तिची मामेबहीण, बारा वर्षांची. वैष्णवीपेक्षा एका वर्षाने लहान आणि बोलण्यात दहा वर्षांनी मोठी. "पण तिला पावडर लावून कुठे वरातीला पाठवलीस, ते तरी सांग."

"किती वेळात परत येते ते बघायचंय. उशिरा आली तर पोळं लांब. लगेच आली तर जवळ."

"पोळं चिंचेवर आहे. पप्पा सांगून गेले ना?"

सांगून गेले होते खरे. शेखरमामा कुठलीही गोष्ट एकदाच सांगत आणि त्यांच्या दृष्टीने ती तिथेच सिद्ध होई. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग होती. बागेच्या पार पलीकडच्या टोकाला, विहिरीपाशी, चिंचेच्या झाडावर त्यांना पोळं दिसलं होतं. झालं. जेवण होताच ते बागेत काम करणाऱ्या भिमाजीकाकांना घेऊन, गोणपाट आणि काडेपेटी खांद्यावरच्या पिशवीत टाकून, धूर करायला निघाले होते.

आणि निघण्याआधी त्यांनी आयुषला वरच्या खोलीत पाठवलं होतं.

आयुष म्हणजे वैष्णवीचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा. दिवाळीत नाशिकला घराच्या अंगणातच त्याला गांधीलमाशी चावली होती. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, "आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर..." आणि त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं होतं. पुन्हा चावली तर याहून वाईट होऊ शकतं, हेही त्यांनी सांगितलं होतं. ते अर्धवट वाक्य वैष्णवीच्या कानात तेव्हापासून मुक्कामाला आलं होतं.

रविवारी दोघं इथे आली तेव्हा पूलवर एकही माशी नव्हती. मंगळवारपासून मात्र झुंडी यायला लागल्या. आज गुरुवार होता.

"आली!" राखीने बोट दाखवलं. पांढऱ्या पाठीची माशी पुन्हा काठावर उतरली होती. "एक मिनिट चाळीस सेकंद."

"चिंचेपर्यंत चालत जायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं. पप्पांना बारा, कारण वाटेत ते बागेशी बोलतात."

वैष्णवीने दुसऱ्या माशीला पीठ लावलं. ती दीड मिनिटातच परतली. एवढ्या वेळात चिंचेला जाऊन येणं शक्यच नव्हतं. पोळं अगदी जवळ होतं. पण जवळ काय काय होतं? एका बाजूला उघडं रान आणि दुसऱ्या बाजूला घर.

"तू घराच्या कोपऱ्यावर उभी राहा," ती राखीला म्हणाली. "पांढरी दिसली की नजर सोडू नकोस."

तिसरी माशी उडाली. राखी मान वळवत वळवत घराच्या मागच्या बाजूला दिसेनाशी झाली. मग तिची हाक आली, पण नेहमीसारखी खणखणीत नाही. "वैशू, इकडे ये. हळू ये."

राखी भिंतीपासून दहा पावलांवर उभी होती आणि वर बघत होती. वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला होता. गेल्या उन्हाळ्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या वाळलेल्या गवती जाळीत एक भोक होतं. पांढरी माशी त्यातून आत गेली. तिच्या मागोमाग दुसरी गेली. एक बाहेर आली. मग चार आत, तीन बाहेर. आतून गिरणीसारखी घरघर ऐकू येत होती.

कूलरचं तोंड खोलीत उघडत होतं. आणि खोलीत आयुष होता.

मामी अंगणातल्या खाटेवर कुरडया उलटत बसली होती. दोघी धावत तिच्याकडे गेल्या.

"मामी, वरचा कूलर बंद आहे ना?"

"सकाळी दहापासून लाइट नाहीये बाई. चालू कसा असेल?"

"पण बटण?"

मामीचा हात कुरडईवरच थांबला. "पोराला उकडेल म्हणून मघाशी दाबलं खरं. मग आठवलं, लाइट नाही. तसंच..."

तसंच राहिलं. या घरात सगळे असंच करत. लाइट नसताना बटण दाबायचं, जीभ चावायची आणि निघून जायचं. मग लाइट आली की घरात कुठे ना कुठे काहीतरी आपोआप सुरू व्हायचं आणि सगळे हसायचे. आज लाइट आली की कूलरचा पंखा फिरणार होता आणि अख्खं पोळं बंद खोलीत उधळलं जाणार होतं.

"लाइट किती वाजता येते?" वैष्णवीने विचारलं.

"अडीचला," राखी म्हणाली. "आता दोन तेवीस झालेत."

"मेन स्विच पाडते," म्हणत मामी उठली आणि दोन पावलांत थबकली. मेन स्विच बाहेरच्या जिन्याच्या वळणावर होता, कूलरच्या स्टँडला अगदी खेटून. त्याचा खटका पाडला की स्टँड थरथरायचा.

"आतल्या जिन्याने चला," वैष्णवी म्हणाली. "चपला काढा."

माशी आत येऊ नये म्हणून आयुषने वरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. मामीने कपाळावर हात मारला. "ती कडी गंजलीये गं. लागते पटकन, पण ठोकल्याशिवाय निघत नाही."

ठोकाठोकी म्हणजे कूलरमध्ये भूकंप. वैष्णवीने दाराच्या फटीला तोंड लावलं. तिला ओरडावंसं वाटत होतं, म्हणून तिने आवाज आणखी बारीक केला.

"आयुष, झोपलायस का?"

"नाही. उकडतंय. ताई, कूलरमध्ये काहीतरी गुणगुणतंय. जाऊन बघू?"

"नको. कूलरकडे जायचं नाही, कडीलाही हात लावायचा नाही. बटणांचा बोर्ड कुठे आहे?"

"पलंगाच्या डोक्याशी."

"किती बटणं आहेत?"

"पाच. सगळी चालू आहेत. घरातली माणसं वेडी आहेत का?"

"नंतर विचारू. मामी, कूलरचं कुठलं?"

मामीने नुसती मान हलवली. तिला आठवत नव्हतं.

"पाचही बंद कर. एकेक करून, सावकाश."

आतून पलंग करकरला. मग शांतता.

"ताई," आयुषचा आवाज बदलला होता. "बोर्डवर एक बसलीये. पिवळी. मोठी."

राखीने घड्याळ वैष्णवीपुढे धरलं. दोन सत्तावीस. वैष्णवीच्या डोक्यात दवाखान्यातलं ते वाक्य पुन्हा सुरू झालं. तिने ते ढकलून दिलं.

"चादर आहे ना? डोक्यावरून घे. डोळ्यांपुरती फट ठेव. हात चादरीतच राहू दे आणि चादरीतूनच बटण दाब. तिला हाकलायचं नाही. तिला वाटू दे, वाऱ्याने कापड हललं."

"मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. दोघं मिळून करू. पहिलं बटण."

टक.

"दुसरं."

टक.

तिसरंही झालं. "चौथ्यावर ती बसलीये," आयुष म्हणाला.

"मग पाचवं आधी."

टक. "पण चौथंच कूलरचं असेल तर?"

"थांब. ती सरकेल. आपण वीस मोजू."

आत एक बारीक आवाज आकडे मोजू लागला. बाहेर तिघींचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. अकरा. बारा. राखीने घड्याळ पोटाशी दाबून धरलं, तिला आता ते बघवत नव्हतं. सतरा. अठरा.

"चालायला लागली. ताई, ती भिंतीवर गेली."

"दाब."

टक.

तीन श्वास झाले असतील नसतील, खाली फ्रिज घुरघुरला आणि टीव्ही मोठमोठ्याने बातम्या सांगायला लागला. लाइट आली होती. वरच्या खोलीत पंखा फिरला नाही. कूलर गप्प होता.

मामीने दार दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून धरलं. त्यामुळे कडीवरचा ताण कमी झाला आणि आयुषने ती न ठोकता, इंच इंच सरकवली. चादरीचं एक गाठोडं बाहेर आलं. वैष्णवीने दार लावून घेतलं, फटीत ओला टॉवेल कोंबला आणि मगच गाठोडं उघडून त्याची मान, कान, हात तपासले. कुठेही चावल्याची खूण नव्हती.

शेखरमामा धुराने काळे होऊन परतले. "काम फत्ते. एकही माशी उरली नाही."

"उरंल कशी?" मागून भिमाजीकाका म्हणाले. "गेल्या सालचं वाळलेलं पोळं हाय ते. मी म्हणलो व्हतो तुम्हाला."

मामी मामांना घराच्या मागे घेऊन गेली आणि तिने वर बोट दाखवलं. मामा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुराखालीही पांढरा दिसत होता.

"पण मंगळवारपासूनच का?" वैष्णवीने विचारलं. "पोळं तर आधीपासूनच असणार. सोमवारी काय झालं?"

भिमाजीकाकांनी डोकं खाजवलं. "सोमवारी बागेचं पाणी तोडलं. खरड छाटणीच्या आधी येलींना इसावा देतात."

"म्हणजे तोवर त्या ठिबकचं पाणी पीत होत्या. ते आटलं म्हणून पूलवर आल्या. उन्हात पोळं गार ठेवायलाही त्यांना पाणी लागतं."

"आयला," काका म्हणाले. "तीस वर्सं बागेत काढली, हे नाय आलं ध्यानात. लय डोकं हाय पोरीला."

त्याच संध्याकाळी आयुषला वणीला राखीच्या मावशीकडे पोचवलं. दुसऱ्या दिवशी दिंडोरीहून गांधीलमाश्यांची पोळी काढणारा माणूस आला, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, आणि पोळं काढून घेऊन गेला. रानातल्या बाकी माश्यांसाठी बागेच्या टोकाला, ओल्या गोणपाटाने झाकलेली पाण्याची परात ठेवली. ती रोज भरायचं काम राखीकडे आलं, आणि "मी काय माश्यांची पाणीवाली आहे का?" असं म्हणत ती ते न चुकता करू लागली. पोहायचं नसेल तेव्हा पूलवर बारीक जाळी पसरायची, असंही ठरलं. दोन दिवस काठावर एकही माशी दिसली नाही, तेव्हा आयुषला परत आणलं.

पण या सगळ्याआधी, गुरुवारी दुपारीच, मामांनी स्वतः नाशिकला वैष्णवीच्या आईला फोन लावला होता. "ताई, चूक माझी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग फोन वैष्णवीच्या हातात आला.

आई म्हणाली, "त्याला आधी बाहेर ये म्हणाली नाहीस. आधी बटणं बंद करायला लावलीस. एवढं शांत राहणं तुला कुठून सुचलं गं?"

"शांत नव्हते, आई. ओरडले असते तर तो घाबरला असता."

"मी असते तर दार बडवलं असतं," आई म्हणाली. "पंधरा दिवस राहा तिथेच. त्याला पोहायला शिकव. तू बरोबर असशील तर मला काळजी नाही."

फोन ठेवला आणि वैष्णवी मटकन पायरीवर बसली. तिचे गुडघे लटलट कापायला लागले होते.

"आत्ता?" राखीने विचारलं. "सगळं झाल्यावर?"

"मघाशी वेळ कुठे होता?" वैष्णवी म्हणाली. आयुष येऊन तिला टेकून बसला, आणि गुडघे थांबेपर्यंत तिघंही तिथेच बसून राहिली.