दुर्बिणीतला वाटेकरी

ऐकून हसायचं असेल तर खुशाल हसा. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो. पण त्या दुर्बिणीला डोळा माझाच लागला होता. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या डोंगरातल्या आत-बाशी गावात पहिला बर्फ पडून महिना झाला असेल. संध्याकाळ व्हायला आली होती, पण उजेड चांगला होता.

मी तोकोन. बंदुकांना लाकडी दस्ते बसवतो. दोरोनबेक म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, शिकारी. पहिल्या बर्फात त्याचा घोडा घसरला आणि रायफलचा दस्ता मुठीपाशी दुभंगला. त्याच्या घरचं हिवाळ्याचं मांस त्या एका रायफलवर यायचं. त्यामुळे रोज येऊन तो माझ्या डोक्यावर बसायचा.

"दाजी, दस्ता घडवताय की पाळणा?"

"पाळणाच. बाळ दारात बसून रडतंय ना!"

लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, लाकडात बसवायचं, उचलायचं. काळा डाग उमटेल तेवढंच खरवडायचं. घाई केली की अक्रोडाचं लाकूड वाया.

त्या दिवशी दस्ता बसला. वर दुर्बीण चढवली. आता फक्त नळी आणि दुर्बीण एकाच जागी बघतायत का, ते जुळवायचं होतं.

रायफल अंगणात वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. बोल्ट काढला. मागून नळीत पाहिलं. ओढ्यापलीकडचा पांढरा खडक बरोबर मधोमध.

मग रायफल न हलवता दुर्बिणीला डोळा लावला.

खडक होता...

आणि खडकावर कोणीतरी बसलं होतं.

म्हातारा. उंच पांढरी टोपी. अंगरख्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे पसरलेला. कोणी त्यात काही घालेल म्हणून बसावं, तसा.

"ओ आजोबा, बाजूला व्हा!" मी ओरडलो आणि डोळा काढला.

खडक रिकामा.

नळीतून पाहिलं. रिकामा.

पुन्हा दुर्बिणीतून...

तो तिथेच होता. आता माझ्याकडे बघून हसत होता.

मी काच पुसली. दुर्बीण उतरवून पुन्हा बसवली. पुन्हा पाहिलं. तो होताच.

"चष्मा लागला तुम्हाला दाजी, सरका," म्हणत दोरोन वाकला.



उठला तेव्हा तोंडावरचं रक्त उतरलं होतं.

"मामबेतकुल आजोबा..."

खिंडीच्या तोंडाशी राहणारा तो धनगर. त्याला पुरून पंधरवडा झाला होता. खांदा मीही दिला होता, म्हणून तो असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"त्यांचं इथे काय काम?"

दोरोन रायफलपासून मागे सरकला.

"घोडा पडला त्या दिवशी मी रानबकरी मारली होती. सोलताना कळलं, पोटात पिल्लू होतं. लाज वाटली हो. मांस कांबळ्याखाली दडवलं. वाटेत आजोबा भेटले. शिरालगा म्हणाले."

शिकारी डोंगरातून उतरताना कोणी 'शिरालगा' म्हटलं की त्याला वाटा द्यायचा. आमच्यात त्याला नाही म्हणायचं नसतं. वैऱ्यालाही नाही.

"मग?"

"मी म्हटलं, आज काहीच मिळालं नाही."

"दोरोन!"

"ते माझ्या मागे बघत होते, दाजी. बर्फावर रक्ताच्या थेंबांची ओळ लागली होती. काही बोलले नाहीत. हसले. 'तुझी वाट मोकळी होवो' म्हणाले. पुढच्याच वळणावर घोडा पडला."

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माझ्या घरचा माणूस! गोठ्यातलं मेंढरू कापलं, एक मांडी गुंडाळली आणि त्याला दंडाला धरून म्हाताऱ्याच्या घरी नेलं. म्हटलं, वाटा जिवंतपणी दिला नाहीस, निदान त्याच्या बायकोला दे आणि तोंडाने कबूल कर.

दारात असिलकान आजी उभी होती. दोरोनला बघताच तिने त्याचं कपाळ चुंबलं.

"ये रे माझ्या राजा! म्हातारा सांगत होता, दोरोनने शिरालगा दिला म्हणून. अख्खी मांडी!"

मी दोरोनकडे पाहिलं.

"मी विचारलं, कुठे आहे? तर म्हणे, वाटेत एका उपाशी वाटसरूला देऊन टाकली. त्याचं नेहमीचंच! पण तू दिलीस रे. रोज तुझ्यासाठी दुवा मागते."

"आजी, मी..." दोरोनने सुरुवात केली.

"आधी खा," म्हणत तिने लोणी लावलेली भाकरी त्याच्या हातात ठेवली. "आणि आज परत मांस आणलंस! असा मुलगा पोटी यायला हवा होता."

तो मान खाली घालून खात राहिला. मी चुलीकडे बघत बसलो.

त्याने तिला अजून सांगितलेलं नाही. दर आठवड्याला जाऊन तिची लाकडं फोडून येतो. ती गावभर त्याचं कौतुक करत फिरते, आणि लोक वाखाणायला लागले की हा रस्ता बदलतो.

तीच दुर्बीण मी दुसऱ्या दोन रायफलींवर लावून पाहिली. काही नाही. दोरोनच्या रायफलवर लावली की...

तो बसलेला असतो.

डोंगरात नेली तरी तेच. जिथे नेम धरावा तिथे तो पुढे असतो. पूर्ण हिवाळा दोरोनने एकही गोळी झाडली नाही. रायफल माझ्याकडेच टांगलेली आहे. कोणी फुकटसुद्धा नेत नाही.

परवा मी त्याला विचारलं, "आजोबा अजून रागावलेले दिसतात का रे?"

"रागावले असते तर सुटलो असतो, दाजी," तो म्हणाला. "हसतात हो. त्या दिवशी हसले होते, तसंच."

आजीच्या चुलीपाशी त्या दिवशी मीही खरं सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडे बघायची मलाच लाज वाटली.